जेवण, छप्पर, आर्डिस

गुरुवार, २३ नोव्हेंबर

टर्की एकोणीस पौंडांची. पहाटे सहाला ओव्हनमध्ये, साडेअकराला बाहेर, मांस ओलसर. क्रॅनबेरी जरा आंबट. रताळी एका बाजूने करपली, ती बाजू मी भांड्यात खाली घातली.

या वहीत मी दरवर्षी थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत काय शिजलं आणि काय बिघडलं एवढंच लिहिते, म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक होत नाही. आज जे झालं ते कुठे लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून इथेच लिहिते. वर्लिनने टर्की कापायची सुरी जावयाच्या हातात दिली.

जेवायला आम्ही सहाजण होतो. वर्लिन आणि मी, मिनिआपोलिसहून आलेली आमची सॉल्वेग, तिचा नवरा ट्रॉय, त्यांची नऊ वर्षांची ब्रिटा, आणि शेजारची लावोन, जी नवरा ऑर्विल गेल्यापासून सगळे सण आमच्याकडेच करते. प्रार्थना झाली. मी टर्की वर्लिनसमोर ठेवली. त्याने टर्कीकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं. डावा हात हल्ली असतो तसा खिशात. मग उजव्या हाताने सुरी ट्रॉयकडे सरकवली.

"यंदा तू काप."

"मी?" ट्रॉय म्हणाला. "मी घरी फक्त पाव कापतो हो."

"मग मोठा पाव समज."

अठ्ठेचाळीस वर्षं मी या माणसाची बायको आहे. अठ्ठेचाळीस वर्षं सुरी त्याची. आदल्या दिवशी गॅरेजमध्ये बसून तो तिला धार लावतो, कुणाला हात लावू देत नाही. मला तर भर टेबलाशी कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?" तर म्हणतो, "कंटाळा आला." कंटाळा! ट्रॉयने टर्की कापली नाही, तिच्याशी मारामारी केली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, बटाटे पुढे करतात.

जेवण झाल्यावर पेन फिरवलं. ही आमच्या घरची रीत, सॉल्वेगच्या जन्माच्या वर्षापासूनची. दरवर्षी त्याच पांढऱ्या टेबलक्लॉथवर प्रत्येकाने एक ओळ लिहायची, कशाबद्दल आभार मानायचे ती. पेन कपड्यांवर नावं घालायचं, त्याची शाई धुण्यात जात नाही. मग नाताळपर्यंत मी त्या ओळींवर टाका घालते, दरवर्षी वेगळा रंग, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तोच कपडा पुन्हा टेबलावर येतो. यंदाचा रंग लाल.

वर्लिनची ओळ सगळ्यांना पाठ आहे: "जेवण, छप्पर, आर्डिस." दरवर्षी तीच. मी दरवर्षी म्हणते, "बघा, छपराच्याही मागे माझा नंबर." आणि सगळे हसतात. पण हल्ली याचं अक्षर इतकं कंजूष झालंय की मुंगी चालत गेल्यासारखं दिसतं. इतरांच्या ओळींशेजारी बरं दिसत नाही, म्हणून गेली काही वर्षं मी त्याची ओळ भरीव टाक्याने जाड आणि मोठी करून घेते. कुणाला पत्ताही लागत नाही. आज तर त्याने कमालच केली. पेन धरून इतका वेळ बसला की ब्रिटा म्हणाली, "आजोबा, झोपलास का?" शेवटी काहीतरी टिंबासारखं खरडलं आणि पेन खाली ठेवलं.

"शाई महाग झाली का रे?" मी म्हटलं.

सगळे हसले. वर्लिन हसला नाही. हल्ली हसतच नाही, चेहरा म्हणजे फळी. सॉल्वेग उठून स्वयंपाकघरात गेली. मागून जाऊन बघते तर नळ सोडून रडत उभी. "कांदा गं," म्हणाली. कांदा मी बुधवारीच चिरून ठेवला होता.

मी काय लिहिलं ते राहिलंच. "यंदाही सगळं नेहमीसारखं आहे, म्हणून." हे सुरीच्या आधीच ठरवलं होतं. ठरलेलं मी बदलत नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

दुसरा धक्का. आज नाताळचं झाड आणायचा दिवस. सकाळी सातला मी बूट चढवून, थर्मासमध्ये कॉफी भरून तयार. करवत शोधायला गॅरेजमध्ये गेले, तर तिथे खोका. खोक्यात झाड. प्लॅस्टिकचं. तीन तुकड्यांत.

आयुष्यात माझ्या घरात खोटं झाड आलेलं नाही. वर्लिनच्या बापाच्या वेळेपासून आम्ही झाडांच्या शेतावर जातो, गुडघाभर बर्फात झोपून वर्लिन बुंधा कापतो, मी फांद्या धरते, आणि परतताना भांडतो की झाड वाकडं आहे. ब्रिटाने ओठ काढला. ट्रॉय आपल्या बुटांकडे बघत राहिला. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं!

"याला वास कुठला येणार?" मी विचारलं.

"मला खऱ्याचाही येत नाही," वर्लिन म्हणाला.

असं टाकून बोलणं त्याच्या स्वभावात नाही. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. घरावरच्या दिव्यांच्या माळा ट्रॉयने लावल्या. वर्लिन खाली उभा राहून शिडीकडे बघत होता, हात खिशात.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

सॉल्वेग मंडळी रविवारी गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडून सुटेना, जणू तो कुठे परदेशी निघालाय.

वर्लिन आज फार्गोला गेला. सप्टेंबरपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. "काम आहे," म्हणतो. निवृत्त माणसाला दीड तासावर काय काम? मी समजत होते हार्डवेअरच्या दुकानात बसून गप्पा ठोकत असेल. आज तो निघाल्यावर घरचा फोन वाजला. बाईचा आवाज, चांगला खणखणीत.

"वर्लिन निघाला का? आज आम्ही अर्धा तास लवकर सुरू करतोय, सांगायचं राहिलं."

"कोण बोलतंय?"

"मी डेनीस. तुम्ही त्याची बायको का? अहो, तो नसला की आमच्यात मजाच नाही."

मी फोन ठेवला. खुर्चीवर बसले ती दहा वाजल्यापासून साडेअकरापर्यंत तशीच. मजा! माझ्याकडे फळीसारखा चेहरा करून बसणारा माणूस फार्गोमध्ये मजा करतो.

आता सगळं जुळतंय. ऑगस्टमध्ये त्याने झोपेत ओरडून मला लाथ मारली. सकाळी इतका शरमला की उशी घेऊन खालच्या खोलीत झोपायला गेला, तो परत वर आलाच नाही. मी म्हटलं होतं, होतं असं, ये वर. आला नाही. कॉफी ओतली तर म्हणतो, "अर्धाच कप घाल," जणू उरलेल्या अर्ध्यात मी विष कालवणार आहे. चालतानाही माझ्यामागे दोन पावलं.

विचारायला हवं. पण तो "हो" म्हणाला तर?

बुधवार, २९ नोव्हेंबर

लाल दोरा काढून ठेवला. टाका एकही घातला नाही.

शनिवार, २ डिसेंबर

बटाटे दहा पौंड. लेफ्सा झाल्या एकतीस. गेल्या वर्षी चौपन्न झाल्या होत्या.

लेफ्सा आम्ही दोघं करतो. बटाटे उकडून, चाळून, लोणी घालून मी पातळ लाटते, वर्लिन लांब पट्टीने उचलून तव्यावर टाकतो, उलथतो, काढतो. आमच्या लग्नात आत्या म्हणाली होती, ज्या घरात लाटणारी आणि उलथणारा भांडत नाहीत ते घर टिकतं. वर्लिन एवढंच म्हणतो, "जाड झालीय." दरवर्षी पहिल्या लेफ्साला हेच. मी म्हणते, "मग खाऊ नकोस." आणि पुढे कामाला लागतो.

आज पहिलीच फाटली. दुसरी पट्टीवरून घसरून जमिनीवर. तिसरी तव्यावर टाकली आणि तो उभाच राहिला. धूर निघाला, घरभर करपल्याचा वास, आणि हा तव्यासमोर ढिम्म. मी पिठाच्या हातांनी धावत जाऊन तवा ओढला.

"नाक कुठे गहाण टाकलंस?"

"लक्षात आलं नाही."

"लक्ष असतं कुठे तुझं हल्ली?"

त्याने पट्टी टेबलावर ठेवली, अगदी सावकाश, काचेची असल्यासारखी. "लावोनला बोलाव," म्हणाला आणि बाहेर बर्फ ओढायला गेला. "जाड झालीय" एकदाही म्हणाला नाही. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

लावोन आली, पट्टी हातात घेतली. कॉफीच्या वेळी वर्लिन आत आला, अर्धा कप घेतला, दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि परत बाहेर गेला. लावोन खिडकीतून त्याला बराच वेळ बघत होती.

"आर्डिस," ती म्हणाली, "ऑर्विलसुद्धा अर्धाच कप घ्यायचा. शेवटची तीन वर्षं."

"असतात एकेका पुरुषाच्या खोडी," मी म्हटलं.

तिने माझ्या पिठाळलेल्या हातावर हात ठेवला. बिचारी, ऑर्विलची आठवण अजून जात नाही तिची.

मंगळवार, ५ डिसेंबर

हे लिहिताना हसावं की रडावं तेच कळत नाही.

काल संध्याकाळी तो शेजारी गेला असताना मी त्याची गाडी उघडून पाहिली. अशी बाई मी नव्हते. चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या बावीस वर्षं माझ्याकडे आहेत, एक चमचा हलला नाही, आणि मी नवऱ्याच्या गाडीत चोरासारखी शिरले. सीटमागे पिशवी. पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि मुष्टियुद्धाचे हातमोजे. लाल, नवेकोरे नव्हे, चांगले घासलेले.

बहात्तर वर्षांचा माणूस. मुष्टियुद्ध!

मी गाडीच्या दारात आ वासून उभी राहिले. बाहेर उणे दहा, तरी मला घाम. मग डोक्यात प्रकाश पडला. डेनीसचा आवाज तरुण आहे. तिच्यासमोर शरीर कमवायला निघालेत आमचे महाराज.

आज तो फार्गोहून आला तो ताठ चालत आला, गाल लाल, आणि फाटकापासूनच शीळ घालत. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा शीळ ऐकली मी त्याची. त्या शिळेने मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी फ्रीज पुसायला घेतला.

शुक्रवार, ८ डिसेंबर

तो गेल्यावर सॉल्वेगला फोन केला. आडवळणाने विचारणं मला जमत नाही.

"तुझ्या बाबाचं फार्गोत काय चाललंय?"

पलीकडून हळूच, "आई, बाबालाच विचार ना."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मी वचन दिलंय गं त्याला. नाताळपर्यंत थांब म्हणालाय."

"नाताळनंतर काय? घर विकायचंय? कुणी यायचंय इथे राहायला?"

"काय बोलतेस तू? आई, ऐक, तू समजतेस तसलं काही नाही..."

मी फोन आपटला. पोटची पोर, तीसुद्धा! सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंय. सणाच्या टेबलाशी बसून सगळे माझी टर्की खात होते आणि सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी नुसतं बसवेना म्हणून टाके घालायला बसले. ब्रिटाचं, "मांजराला बरं वाटलं म्हणून." ट्रॉयचं, "टेबलाशी जागा दिली म्हणून." लावोनचं नेहमीसारखं, "शेजार." सॉल्वेगचं, "यंदा सगळे होतो, म्हणून." साखळी टाका, सरळ, सुबक. वर्लिनची ओळ तशीच सोडली. नाही घालणार. लोकांना दिसू दे तिथे काही नाही ते.

मंगळवार, १२ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

तो साडेनऊला गेला. मी कपडा घेऊन खिडकीशी बसले. नाही घालणार म्हटलं होतं, पण अडतीस वर्षांत एकही ओळ मोकळी सोडलेली नाही आणि हात शिवशिवायला लागले. पण लिहिलंय काय तेच दिसेना. औषधाच्या बाटल्या वाचायचं भिंग आणलं.

तीन शब्द नव्हतेच. जेवण नव्हतं, छप्पर नव्हतं. एकच शब्द होता, माझं नाव. पहिलं अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं, पुढचं त्याहून लहान, शेवटचं म्हणजे शाईचा नुसता ठिपका. आणि भिंगाखाली दिसलं की रेघ सरळ नाही. बारीक बारीक थरथरत गेलेली.

असं अक्षर मी कुठे पाहिलंय ते आठवेना. मग आठवलं. ऑर्विलने शेवटच्या नाताळला लावोनसाठी लिहिलेलं कार्ड. लावोनने ते फ्रीजवर वर्षभर ठेवलं होतं, आणि आम्ही सही वाचायला डोळे ताणले होते. ऑर्विलला पार्किन्सन्स होता.

मी म्हटलं, छे. ऑर्विलचे हात थरथरायचे. वर्लिनचे कुठे थरथरतात? आणि मग त्याचा खिशातला हात डोळ्यांसमोर आला.

मी कात्री घेतली. गेल्या वर्षीच्या निळ्या ओळीचा टाका उसवला. माझं शिवण मजबूत असतं, वेळ लागला. खाली शाई तशीच होती, पावसाच्या थेंबाएवढी बारीक, माझ्या जाड निळ्या अक्षरांच्या आत लपलेली. त्याच्या आधीचं हिरवं उसवलं. मग २०२० चा पिवळा. त्या साली साथीमुळे कुणी आलं नव्हतं, टेबलाशी आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या समोर बसले होते, हातभर अंतरावर, आणि म्हटलं होतं, "कंजूष." मग २०१९. मग २०१८. त्याच्या आधीची ओळ, २०१७ ची, मी सुधारली नव्हती, साध्या साखळी टाक्याने त्याच्याच अक्षरावरून गेले होते. तिथे "जेवण" मोठं आहे, "छप्पर" मध्यम, आणि "आर्डिस" त्याहून लहान. त्याच्याही आधीची ओळ बघितली. तिथे तिन्ही शब्द सारखे, ठसठशीत.

काखेत कळसा आणि मी गाडीत शोधत होते. दरवर्षी त्याचा हात मला सांगत होता आणि दरवर्षी मी सांगणं नीटनेटकं करून टाकत होते. मी माझ्या नवऱ्याचा आजार पाच वर्षं भरतकामाखाली झाकला आणि वर लोकांकडून शाबासकी घेतली.

मी रडले नाही. रडूच येईना. कपडा मांडीवर, चहूकडे दोऱ्यांचे तुकडे, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. अडीचला गाडी वाजली. तो आत आला, टेबलाकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, कोट न काढता खुर्चीवर बसला.

"पार्किन्सन्स," मी म्हटलं.

"हं."

"कधी कळलं?"

"ऑगस्टमध्ये. सॉल्वेगने ओढून नेलं मला. मी तुला सव्वीस तारखेला सांगणार होतो."

"सव्वीसला? सव्वीसला मी उरलेल्या हॅमचं सूप करते."

"म्हणून सत्तावीसही चाललं असतं."

मी त्याला कपड्याने मारलं. खरंच मारलं, कपड्याची गुंडाळी करून खांद्यावर. तो हलला नाही. मग मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ऑर्विलला पुरून आलो त्या दिवशी गाडीत तू काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, लावोनने जे पाहिलं ते मला बघायला लागलं तर मी वेडी होईन."

म्हणाले होते मी. लोक गाडीत काहीबाही बोलतात. दुसरा माणूस ते चार वर्षं जपून ठेवतो हे कुणाला माहीत?

"आणि डेनीस?"

"तिलाही तेच आहे. तिथे सगळ्यांना तेच आहे. डॉक्टरनेच पाठवलं. पिशवीवर ठोसे मारायचे, मोठ्याने आकडे मोजायचे. बरं वाटतं दोन तास." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटलं?"

कान तापले माझे. तो समजला. त्याच्या तोंडातून शीळ घातल्यासारखा हवेचा आवाज आला.

"आर्डिस, अगं मला पँटची झिप लावायला पाच मिनिटं लागतात."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी हसले आणि त्याच दमात रडायलाही लागले. रडून झाल्यावर त्याने विचारलं, "हे उसवलंस कशाला?"

मी त्याला वर्षं दाखवली, एकेक, बोट ठेवून. तो भिंग धरून वाकला. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "डॉक्टर सारखा विचारत होता, कधी सुरू झालं. मला सांगताच येईना."

"२०१७," मी म्हटलं. "थँक्सगिव्हिंगच्या दुपारी. पहिल्या आणि दुसऱ्या शब्दाच्या मध्ये."

मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "यंदा एकच शब्द का?"

"लिहायला लागलो की हात आटत जातो. विहीर आटते तसा. तुझं नाव शेवटी यायचं, तोवर काही उरायचंच नाही. दरवर्षी तूच बारीक होत होतीस." त्याने भिंग खाली ठेवलं. "यंदा म्हटलं एकच होईल. मग छप्पर गेलं तरी चालेल."

मंगळवार, १९ डिसेंबर

मी त्याच्याबरोबर फार्गोला गेले. डेनीस अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एका बाजूला झुकलेली, कंबरेला पट्टा, पट्टा धरून मागे एक मुलगी उभी, पडू नये म्हणून. पिशवीवर असे ठोसे घालते की मी दोन पावलं मागे सरले.

मला बघून थांबली. "तुम्हीच का त्या, छपराच्या मागच्या?"

"बढती मिळाली," मी म्हटलं.

"झालं एकदाचं," म्हणाली आणि पुन्हा पिशवीला भिडली.

मी बाकावर बसून तासभर सगळं पाहिलं. लावोनने जे पाहिलं ते मला हळूहळू दिसणार आहे हे मला समजलं. वेडी झाले नाही. अजून तरी नाही. भीती मात्र फार वाटते, आणि ती मी त्याला परतीच्या गाडीत सांगितली. तो म्हणाला, "मलाही." गाडी मी चालवत होते.

रविवार, २४ डिसेंबर

मांसाचे गोळे साठ. लुटफिस्क, तो भिजवलेला सुका मासा, नेहमीसारखा थुलथुलीत. त्याचा वास एकट्या वर्लिनला येत नाही, त्यामुळे तोच एकटा मजेत खात होता. लेफ्सा एकतीस पुरल्या नसत्या म्हणून गुरुवारी आणखी वीस केल्या. मी लाटल्या, मीच उलथल्या, वर्लिन शेजारी स्टुलावर बसून घड्याळ बघून सांगत होता, "आता." नाक गेलं तरी वेळ कळते त्याला. एकही करपली नाही.

हॅम वर्लिन आणि ट्रॉयने मिळून कापलं. वर्लिन बोटाने दाखवत होता, ट्रॉय कापत होता. "शेताची नांगरणी नाहीये ती," वर्लिन म्हणाला. खोट्या झाडाबद्दल मी काही बोलले नाही, पण आत खऱ्या फांद्या खोचल्या.

कपडा टेबलावर घातला. पाच जुन्या ओळी मी पुन्हा घातल्या, त्याच जुन्या रंगांत, दोऱ्याचा एकच पदर, त्याच्या शाईवरून, जेवढ्यास तेवढ्या. यंदाचा लाल शब्दही तसाच. जिथे रेघ थरथरली तिथे टाकाही थरथरला. एका शब्दाला दोन दुपारी गेल्या. भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून भिंग मिठाच्या शेजारी ठेवलं.

सगळ्यांनी पाहिलं. सॉल्वेगने पाहिलं आणि माझ्या दंडाला डोकं टेकलं. ब्रिटाने भिंग घेऊन सगळ्या ओळी शोधल्या आणि मग म्हणाली, "आजी, तुझ्या ओळीवर टाकेच नाहीत."

"राहू दे. चुकीची लिहिली गेली."

"काय लिहिलंय?"

वर्लिनने तिच्याकडून भिंग घेतलं, वाकला आणि सावकाश, हल्ली त्याचा आवाज बसतो तसल्या आवाजात वाचलं. "यंदाही सगळं नेहमीसारखं आहे, म्हणून."

कुणी बटाटेसुद्धा पुढे केले नाहीत. मला ती शाई नखाने खरवडून काढावीशी वाटली. वर्लिनने भिंग ठेवलं, ताटातली लेफ्सा उचलली, दिव्यासमोर धरली.

"जाड झालीय," तो म्हणाला.

"मग खाऊ नकोस," मी म्हटलं.

चेहरा फळीसारखाच होता, ओठ हलले नाहीत. पण तो हसत होता. कुठे बघायचं ते आता मला कळलंय, डोळ्यांच्या कडेला, उजव्या बाजूला जास्त.

माझ्या ओळीवर टाका नाताळनंतर घालेन की तशीच ठेवेन, ठरलेलं नाही. जेवणानंतर कॉफी. वर्लिनला अर्धा कप, दोनदा.